डुकराचं देणं

आमच्या घरात डुक्कर शिजायचं बंद झालं ते १९५८ साली. माझ्या अंगात ते परत शिरलं २००९ साली. आणि मला कळलं २०२२ साली, दिवाळीच्या सुट्टीत, नातीच्या तोंडून, दूधपोहे खाता खाता.

सुरुवात आजोबांपासून करायला हवी. आम्ही कुणबी. आमचं घर जुन्या सुप्यात, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरायची आणि गावातली माणसं हाक्याला निघायची. मेलेलं डुक्कर अंगणात आणून टाकलं की कापायच्या आधी आजोबा तांब्याने त्याच्या डोक्यावर पाणी घालत, कपाळावर चार तांदूळ टाकत आणि काहीतरी पुटपुटत. मी चार वर्षांचा; काय म्हणत ते कळायचं नाही. पहिला वाटा वाघरोच्या, म्हणजे वाघदेवाच्या, शिळेपुढे जायचा, मग ज्याची गोळी लागली त्याचा, मग हाकेवाल्यांचा, मग ज्या घरात हाक्याला जाणारा पुरुष उरला नव्हता त्या घरांचा. कुत्र्यांचाही. ही वाटणी आईनं मला पुढे सांगितली. ती सांगताना तिच्या आवाजात अजून चव असायची.

१९५८ साली वडिलांनी खानापूरकडच्या एका महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली. मटणाचं मडकं त्यांनी स्वतः काळीत नेऊन सोडलं. आजोबा ओसरीवर बसून बघत होते, बोलले काही नाहीत. कोयता मात्र आईनं ठेवून घेतला, नारळ फोडायला.

ही माळ पुढे माझ्याकडे आली. मी मराठी शाळेत मास्तर झालो. घरात कोकणी, वर्गात मराठी, कचेरीत कानडी, असं आमच्या जोयड्याच्या माणसाचं तोंड तीन ठिकाणी वाटलेलं असतं. अकराव्या वर्षी मला ताप आला होता, गुडघे आणि घोटे सुजले होते. घरच्यांना वाटलं वारं लागलं. तो संधिवाताचा ताप होता. तो सांधे चाटून जातो आणि काळजाला चावतो, असं डॉक्टर लोक म्हणतात. चावल्याचं कळायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. आम्ही आता राहतो त्या रामनगरच्या घरामागची चढण चढताना मध्येच बसावं लागायला लागलं, तेव्हा बेळगावला तपासणी झाली आणि निदान निघालं: हृदयातली डावीकडची झडप घट्ट झाली आहे, बदलावी लागेल.

सर्जननं दोन प्रकार सांगितले. एक प्राण्याच्या ऊतीची झडप, डुकराची किंवा गाईबैलाच्या हृदयावरच्या आवरणाची. दुसरी धातूच्या चौकटीची. प्राण्याची लावली तर दहापंधरा वर्षांत पुन्हा बदलावी लागेल. धातूची लावली तर ती टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी मरेपर्यंत. मी माळेवर हात ठेवला आणि म्हटलं, धातूची. फार मोठा धार्मिक निर्णय घेतल्यासारखं वाटलं. खरं तर पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरनीही तीच सुचवली असती, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली आपली देशी झडप परवडणारीही होती. १९९० च्या ६ डिसेंबरला ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. डॉ. वलियाथन यांच्या पथकानं ती घडवली. चकतीची झडप आहे. रात्री रामनगरचा रस्ता शांत झाला की माझ्या छातीत बारीक टिकटिक ऐकू येते. बायकोला आधी झोप लागायची नाही. आता माझा श्वास लागला तरी जाग येत नाही तिला, पण टिकटिक ऐकू आली नाही तर येईल.

ऑपरेशनच्या आधी माळ काढून घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायकोच्या हातात दिली.

नात आता औषधनिर्माणशास्त्र शिकते. त्या दिवाळीत ती म्हणाली, "आबा, तुम्हाला हेपारिन दिलंच असणार. त्याशिवाय हृदय बंद करून मशीनवर घेताच येत नाही."

"म्हणजे काय असतं ते?"

"रक्त गोठू देत नाही. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात."

मी चमचा खाली ठेवला. तिच्या लक्षात आलं नाही. परीक्षा जवळ आली होती आणि उत्तर डोक्यात ताजं होतं. ती पुढे म्हणाली, "आणि ऑपरेशन झाल्यावर त्याचा परिणाम उतरवायला प्रोटामिन. ते सालमन माशाच्या वीर्यातून." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बाकी काय राहिलं मग?"

हृदय थांबवून ऑपरेशन करायचं तर रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरवावं लागतं. नळी दिसली की रक्त गोठायला लागतं. परक्या पृष्ठभागाला ते जखम समजतं. म्हणून दर किलो वजनामागे साधारण ३०० ते ४०० युनिट हेपारिन देतात. माझं वजन तेव्हा ५८ किलो होतं. म्हणजे वीस हजार युनिटांच्या आसपास डुक्कर माझ्या शिरांतून धावलं, मी झडपेतलं डुक्कर नाकारून निवांत झोपलेला असताना.

मास्तर माणूस, त्यामुळे राग येण्याऐवजी शोध घ्यावासा वाटला. हेपारिन १९१६ साली बाल्टिमोरला सापडलं. जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात त्याला नेमकं उलटं, न गोठू देणारं द्रव्य मिळालं. ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात, म्हणून हे नाव. म्हणजे पहिला मान कुत्र्याचा. मग गुरांची फुप्फुसं, मग डुकरांची आतडी. १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेव्हापासून आजतागायत त्या यंत्राला हेपारिन लागतंच. पुढे विलायतेत गुरांना वेड लावणारा रोग आला, त्या भीतीनं अमेरिकेनं गुरांचं हेपारिन सोडलं आणि जग जवळजवळ सगळं डुकरावर आलं. आज त्यातला मोठा भाग चीनमधल्या डुकरांपासून येतो.

गाय की डुक्कर. हा पर्याय कुठेतरी आधी वाचला होता असं वाटत राहिलं. मग आठवलं, मीच सातवीच्या वर्गात पंचवीस वर्षं शिकवत होतो: १८५७ ची काडतुसं. त्या सैनिकांना निदान दातांनी तोडायच्या आधी संशय आला. मला भूल दिलेली होती.

रामनगरात एक औषधदुकानदार आहेत, लिंगायत, पक्के शाकाहारी. दर वर्षी उळवीला चन्नबसवण्णांच्या समाधीच्या जत्रेला जातात. त्यांना मी विचारलं. त्यांनी फ्रिजमधून एक छोटी बाटली काढून चष्म्याजवळ धरली. बारीक अक्षरात डुकराच्या आतड्याचा उल्लेख होता. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, औषधावर नसतो. "मला माहीत आहे, सर," ते म्हणाले, "विकतो. घरी बोलत नाही." बाटली त्यांनी परत फ्रिजमध्ये ठेवली, इन्सुलिनच्या शेजारी.

तर मूळ प्रश्न हा. मी भ्रष्ट झालो का?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या धर्मग्रंथांकडे तयार आहे, आणि इतकं तयार आहे की मला त्याचाच संशय यायला लागला. महाभारतात शांतिपर्वात विश्वामित्र दुष्काळात चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी चोरतो. झोपडीचा मालक जागा होतो आणि ऋषीला धर्म शिकवत बसतो. विश्वामित्र ऐकत नाही; आधी जगू, मग धर्म करू, असा त्याचा हिशोब. याला आपद्धर्म म्हणतात. कीर्तनकार ही गोष्ट सहसा सांगत नाहीत, पण विचारलं की सुटका म्हणून पुढे करतात. मलाही एकांनी तीच सांगितली, पाठीवर थाप मारून.

मला जास्त चावली ती छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट. कुरूंच्या देशात पीक गेलेलं, उषस्ती बायकोला घेऊन भटकतोय. एक हत्तीवाला कुल्माष खात बसलेला, म्हणजे उडदासारखं हलकं कडधान्य. उषस्ती मागतो. तो म्हणतो, माझ्या ताटातलेच आहेत, दुसरे नाहीत. उषस्ती तेच घेतो आणि खातो. हत्तीवाला पाणी पुढे करतो, तर हा म्हणतो, नको, ते उष्टं होईल. हत्तीवाला चकित. अरे, आत्ता खाल्लेस ते काय उष्टे नव्हते? उषस्ती सांगतो, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवं तिथे मिळेल.

एवढीशी गोष्ट आहे, पण सवलत कुठे संपते ते तिच्यात कळतं. गरजेपुरतं उष्टं, त्याच्या पलीकडे घोटभर पाणीही नाही. मी हे स्वतःला लावून पाहिलं. हेपारिन हे माझे कुल्माष. त्याशिवाय टेबलावरून उठलोच नसतो. पण दुसरीकडे असं पाणी आता मिळायला लागलंय. फोंडापारिनक्स नावाचं औषध २००१ पासून आहे, डुकराविना, पूर्ण रसायनशाळेत जुळवलेलं. पायाच्या शिरेत गाठ झालेल्या पुष्कळ माणसांना ते चालतं. मग त्या माणसानं आपद्धर्म म्हणून डुकराचं घेतलं तर उषस्ती काय म्हणेल? मात्र हृदयाच्या यंत्राला ते पुरत नाही, कारण ऑपरेशन संपलं की परिणाम लगेच उतरवणारं काही त्याच्या जोडीला नाही. हेपारिनला माशाचं प्रोटामिन आहे.

दांडेलीच्या रक्ततपासणीच्या बाकावर दर महिन्याला माझी तासभर बैठक असते. गोळीचं प्रमाण बरोबर आहे का ते बघायला आयएनआर नावाचा आकडा काढतात. माझा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. त्या बाकावर हल्याळकडचे एक सिद्दी चाचा भेटतात, मुसलमान. आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आणलेल्या माणसांची ही जमात आमच्या जिल्ह्यात रानोमाळ पसरली आहे. कोकणी आमच्यापेक्षा चोख बोलतात. त्यांच्या पायाच्या शिरेत गाठ झाली होती तेव्हा दहा दिवस पोटात टोचून घ्यायची इंजेक्शनं दिली होती. तीही डुकराच्याच हेपारिनपासून केलेली. मी भीतभीतच विषय काढला.

"माहीत आहे, मास्तर," ते म्हणाले. "मौलवींना विचारलं होतं मुलानं. जीव जात असेल तर चालतं म्हणाले. पण हौसेनं नाही आणि लागेल त्यापेक्षा जास्त नाही."

मला उषस्तीचं पाणी आठवलं. मी ती गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "तुमचा साधू आणि आमचे मौलवी एकाच शाळेत गेले असणार." त्यांचा नंबर आला, ते उठून आत गेले.

घरी येताना बसमध्ये मला जाणवलं की आम्ही दोघंही आपल्याच सुटकेबद्दल बोलत होतो. मी शुद्ध राहिलो का, त्यांना माफी मिळाली का. सगळ्या संभाषणात डुक्कर कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, पण विटाळ म्हणून होतं. ज्याचा जीव गेला असा कोणी म्हणून नव्हतं.

तिथून पुढे माझा प्रश्न बदलला. त्याला जुना शब्द आहे, ऋण. देवांचं, ऋषींचं, पितरांचं, माणसांचं आणि भूतमात्रांचं. पहिल्या चारांसाठी पूजा आहे, अभ्यास आहे, श्राद्ध आहे, पाहुणचार आहे. पाचव्यासाठी कावळ्याला घास, गाईला घास, मुंग्यांना साखर. ते करून हात धुतले की मोकळे. पण ज्या प्राण्याचं देणं खरंच अंगावर आहे, त्याला हा घास पोचतो का? मी गाईला पोळी देतो आणि जगतो डुकरावर. हा तर पैसे एका सावकाराचे घेऊन दुसऱ्याच्या दारात फेडण्यातला प्रकार झाला.

आणि माझी उधारी एका सावकाराची नाही. रोजची गोळीच घ्या. ॲसिट्रॉम, म्हणजे असेनोकूमारॉल. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे मेलेल्या गाई. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं अचानक रक्त वाहून मरायला लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेचना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्यानं कारण हेरलं: स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरशी लागून खराब झाला होता. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात तीनशे किलोमीटर गाडी हाकत कार्ल पॉल लिंक या प्राध्यापकाच्या दारात आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि शंभर पौंड कुजका चारा. मला त्या शेतकऱ्याचं फार वाटतं. शनिवार होता, सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद, आणि हा माणूस उत्तर मागायला जो दरवाजा उघडा दिसला त्यात शिरला. कचेरी बंद असण्याचा अनुभव आम्हालाही आहे. मेलेली कालवड घेऊन जायची हिंमत नाही.

लिंकच्या लोकांना त्या चाऱ्यातलं विष वेगळं काढायला सहा वर्षं लागली. त्यातूनच पुढे वॉरफरिन निघालं आणि १९४८ साली ते बाजारात आलं ते उंदराचं औषध म्हणून. उंदीर रोज थोडं खातो, आतल्या आत रक्त वाहून मरतो, आणि मरेपर्यंत त्याला संशय येत नाही. १९५१ साली अमेरिकेच्या सैन्यदलातला एक रंगरूट आत्महत्येसाठी ते विष खाऊन बसला आणि के जीवनसत्त्वानं पूर्ण बरा झाला. तेव्हा लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला की माणसाला हे देता येईल. १९५५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिलं गेलं.

माझ्या भाताच्या कणगीमागे उंदीर मारायच्या वड्या असतात. त्यात ब्रोमाडिओलोन, म्हणजे माझ्याच गोळीचा थोरला भाऊ. रात्री साडेनऊला मी माझी गोळी घेतो आणि तोही घेतो. तो गणपतीचं वाहन, मी गणपतीचा भक्त. प्रमाणाचा तेवढा फरक. दांडेलीला जाऊन आकडा काढायची सोय त्याला नाही.

ती गोळी धर्माच्या वेळापत्रकातही लुडबुडते. टाकळा, शेवगा, माठ या हिरव्या भाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर; एकदम जास्त खाल्ल्या की गोळी दुबळी पडते. आषाढी-कार्तिकीला दोन दिवस पोट वेगळं वागलं की आकडा चढतो. डॉक्टर म्हणतात उपास करा, पण रोज सारखं खा. हे वाक्य मी अजून नीट समजून घेतोय. बायको पावसाळ्यात टाकळ्याची भाजी वाटीनं मोजून वाढते. जोयड्याच्या कंदमेळ्यातून आणलेली कणगी आणि मुडली मात्र मनसोक्त चालते. कंदांचं गोळीशी वैर नाही.

नवी औषधं आहेत ज्यांना ना भाजी मोजावी लागते ना दांडेलीचा बाक. धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. डाबिगाट्रान घेऊन २५२ रुग्णांवर परीक्षण करून बघितलं, तर गाठीही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ते मध्येच थांबवलं. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. त्या लोकांच्या छातीत माझ्यासारखीच टिकटिक होती. त्यांच्यामुळे मला ते औषध कोणी दिलं नाही. हे मनुष्यऋण. त्यांचीही नावं मला माहीत नाहीत.

२०१८ साली शेजारच्या भाऊंना झटका आला, तेव्हा गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज दिलं. पुण्यात हिंजवडीची जेनोव्हा कंपनीही हे बनवते. या जातीची औषधं चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशींत पिकवतात. मूळच्या पेशी थिओडोर पक यांनी १९५७ साली एका मादीतून काढल्या. ती मादी मेली, तिच्या पेशी पोलादी टाक्यांमध्ये वाढतच आहेत. मी एका कीर्तनकारांना विचारलं, महाराज, ती मादी मेली की जिवंत? तिचा जीव दुसऱ्या योनीत गेला असेल तर टाकीत कोण आहे? ते म्हणाले, मास्तर, तुम्ही निवृत्त झाल्यापासून फार वाचता. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण त्या वर्षी, म्हणजे आमच्या घरातलं मडकं काळीत गेलं त्याच्या आदल्या वर्षी, एका प्राण्याला नकळत असं काहीतरी मिळालं ज्याला आपण मोक्षही म्हणू शकत नाही आणि मरणही.

नागपंचमीला बायको पाटावर नाग काढते, लाह्या वाहते. फुरशाच्या विषातल्या एका रेणूवरून टिरोफिबान हे औषध घडवलं गेलं, झटका आलेल्यांच्या शिरेत देतात. तेव्हा निदान सापाचं देणं आमच्या घरी वर्षातून एकदा, न कळत का होईना, फेडलं जातं. बैलाला पोळा आहे. वाघाला वाघरो आहे. विष्णूनं वराहाचा अवतार घेतला, पण वराहाच्या नावानं माझ्या ओळखीचं एकही घर दिवा लावत नाही.

हे मला इतकं का लागतं, याचं कारण धरणाच्या पाण्याखाली आहे. सुप्याचं धरण १०१ मीटर उंच. १९८७ साली ते पूर्ण झालं. गाव त्याच्या आधीच उठवलं होतं. शाळा, बाजार, वडिलांनी मडकं सोडलं तो घाट, सगळं आत. आम्हाला रामनगरला वसवलं. वीज झाली, पुष्कळ झाली, चांगलं झालं. मी धरणाविरुद्ध बोलत नाही, माझ्या ऑपरेशनच्या खोलीतले दिवेही कशावर तरी जळत होते. पण पंखा लावताना बंगळूरच्या माणसाच्या मनात सुपं येतं का? येणार कसं, त्याला नाव सांगितलंय कुणी? चार-पाच वर्षांपूर्वी एका लग्नात एका इंजिनिअरला मी म्हटलं, मी सुप्याचा. तो म्हणाला, हो का, छान जागा आहे, आम्ही बोटिंगला आलो होतो.

त्याचा राग आला नाही. मी डुकराशी तसाच वागलो होतो, फरक इतकाच की मला बोटिंग आवडत नाही.

आजोबा काय पुटपुटत असतील याचा मी अलीकडे खूप विचार करतो. आईला विचारलं असतं तर कळलं असतं; ती २००३ साली गेली. माफी मागत असतील असं मला वाटत नाही. त्यांना खायचंच होतं, आणि भात वाचवायचा होता. बहुधा ते त्याला सांगत असतील की कोणी मारलं, कोणाच्या शेतात, आणि कोणाकोणाच्या ताटात तू जाणार आहेस. माणसं पाहुण्याला सांगतात तसं. कापण्याआधी तोंडदेखली का होईना भेट व्हायची. माळ घालून वडिलांनी मारणं थांबवलं हे मोठंच काम केलं, मी ती माळ अजून काढलेली नाही. पण मडक्याबरोबर ती भेटही काळीत गेली. नंतर माझ्या पिढीत डुक्कर परत आलं ते बाटलीतून, बिनचेहऱ्याचं, आणि त्याला काही सांगायची पद्धतच आमच्याकडे उरलेली नव्हती. शिकार करणारे आजोबा त्याच्याशी बोलायचे. शाकाहारी मी त्याला विटाळ मानत होतो.

गेल्या जुलैत दिग्गीकडे भाच्याच्या शेतावर लावणी बघायला गेलो. आमच्या रानात पावसात जळवा असतात, कानडीत इंबळ म्हणतात. गवताच्या टोकावर उभ्या राहून वास घेतात. लोक मोज्यांना तंबाखूचं पाणी लावतात. मी लावायला विसरलो. बांधावर बसलो तर घोट्याला एक चिकटलेली, चांगली बोटाएवढी फुगलेली. जळू चावताना लाळेतून हिरुडिन सोडते, म्हणून रक्त गोठत नाही. १८८४ साली हेक्राफ्ट यांनी हे ओळखलं आणि हेपारिन सापडायच्या आधी ते जळवांच्या डोक्यांतूनच काढत. त्याच नमुन्यावर आज बायव्हॅलिरुडिन हे औषध बनतं. आपल्या धन्वंतरीच्या चार हातांतल्या एका हातात जळू आहेच. म्हणजे ही माझी धनको. आणि समोर बसून वसूल करणारी पहिलीच.

"मीठ टाका तिच्यावर," बायको म्हणाली.

"राहू दे. घेऊ दे तिचं तिला."

"तुमचं रक्त आधीच थांबत नाही, आणि दानशूरपणा सुचतोय!" तिनं पिशवीतून मिठाची पुडी काढली आणि चिमूट टाकली. जळू वळवळून खाली पडली, गवतात गेली.

रक्त संध्याकाळपर्यंत झिरपत होतं. हळद लावली, दोन रुमाल भिजले, भाच्यानं घोटा धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दांडेलीला आकडा काढला तर ३.९. डॉक्टरनी गोळी अर्ध्यानं कमी केली आणि विचारलं, काही वेगळं खाल्लं होतं का?

मी म्हटलं, आषाढीचा उपास होता.